पाण्याचा कार्यक्रम हाती घेताना पहिलं वर्ष हिशोबाला द्या

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "पंधरा वर्षं मी कालवे आणि पाणीपुरवठा योजनांचं आरेखन केलं. आता एका विकसनशील देशातल्या नदीखोऱ्याच्या पाच वर्षांच्या जलव्यवस्थापन कार्यक्रमाचं प्रमुखपद माझ्याकडे आलं आहे. कर्ज देणाऱ्या संस्थेला अठरा महिन्यांत डोळ्यांना दिसतील असे निकाल हवेत. सुरुवात कुठून करू? आणि असे कार्यक्रम नेमके कुठे फसतात?"

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं. पाण्याचे कार्यक्रम चालू असताना सहसा फसत नाहीत. तेव्हा गाड्या असतात, डिझेल असतं, आढावा बैठका असतात, पंप बंद पडला की कुणीतरी धावतं. ते फसतात मुदत संपून कार्यालयाला कुलूप लागल्यावर दोन-तीन वर्षांनी. मी जवळून पाहिलेल्या अपयशांत चुकीचं आरेखन किंवा कच्चं बांधकाम हे कारण फार थोड्या वेळा होतं. किती पाणी आलं, कुणी किती घेतलं, बिघडलेलं कोण आणि कुठल्या पैशातून दुरुस्त करणार, याचा सगळ्यांना मान्य असलेला हिशोब मागे उरलेला नव्हता, हे मात्र जवळपास प्रत्येक ठिकाणी दिसलं. म्हणून पहिलं वर्ष हा हिशोब उभा करण्यात घाला, असं मी सांगेन. बांधकाम थांबवू नका, पण प्रमुख म्हणून तुमचं स्वतःचं लक्ष तिथे राहू द्या.

हातपंपांचं पाहा. १९८१ ते १९९० हे दशक संयुक्त राष्ट्रांनी पिण्याच्या पाण्याचं आणि स्वच्छतेचं दशक म्हणून जाहीर केलं होतं. त्या काळात आणि त्यानंतर आफ्रिकेत फार मोठ्या संख्येने हातपंप बसले. भारतात घडलेला इंडिया मार्क-२ दणकट होता. अॅफ्रिडेव्ह हा पंप तर मुद्दाम असा बनवला होता की गावातल्याच माणसांना मोजक्या अवजारांनी तो उघडता यावा. तरीही २००९ मध्ये सहाराच्या दक्षिणेकडच्या वीसेक देशांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा साधारण ३६ टक्के पंप बंद आढळले. गावाने समिती नेमायची, समितीने वर्गणी गोळा करायची, सुटे भाग आणायचे, मिस्त्री शोधायचा, असं गृहीत धरलं होतं. पहिल्या वर्षी पंप नवा असतो, वर्गणीची गरज कुणालाच वाटत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी वॉशर झिजतो, रॉड तुटतो. तोवर खजिनदार गाव सोडून गेलेला असतो आणि सुटा भाग जवळच्या बाजारात मिळत नाही.

केनियातल्या किटुई भागात एक वेगळा प्रयोग झाला. पंपाच्या दांड्यात एक छोटं यंत्र बसवलं. दांडा किती वेळा हलला हे ते मोबाइल नेटवर्कवरून कळवत असे, त्यामुळे पंप बंद पडला की लगेच समजायचं. अनेक गावांच्या पंपांसाठी मिळून दुरुस्तीचं एकच पथक होतं. पूर्वी बंद पडलेला पंप सुरू व्हायला सरासरी २७ दिवस लागायचे, ते ३ दिवसांच्या आत आलं. पंप तेच होते आणि गावंही तीच होती. पण दुरुस्ती आता कुणाची तरी नोकरी झाली होती, आणि एका गावावर एकदम पडणारा खर्च अनेक गावांत वाटला गेला होता. लोकसहभाग हा शब्द तुम्हाला प्रत्येक कागदावर दिसेल. त्याचा अर्थ सगळं ओझं लोकांच्या डोक्यावर टाकून आपण मोकळं होणं असा होत असेल, तर तिथेच हरकत घ्या.

कालव्यांबद्दल मला सर्वांत जास्त शिकवलं ते नेपाळमधल्या एका अभ्यासाने. २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या शंभराहून अधिक सिंचन योजनांची तुलना केली. काही योजना सरकारी खात्याच्या होत्या, काँक्रीटचे पक्के बंधारे आणि अस्तरीकरण केलेले कालवे असलेल्या. काही शेतकऱ्यांनीच चालवलेल्या होत्या, दगड, माती आणि फांद्यांच्या बांधांच्या. हे बांध दर पावसाळ्यात वाहून जायचे. तरी शेवटच्या टोकाच्या शेतापर्यंत पाणी पोहोचवण्यात शेतकऱ्यांच्या योजना सरस ठरल्या. बांध दरवर्षी पुन्हा घालावा लागत असल्यामुळे वरच्या शेतकऱ्याला टोकाच्या शेतकऱ्याचे हात लागायचे. ते हात हवे असतील तर त्याला पाणी द्यावंच लागायचं. पक्का बंधारा झाला की वरच्याला खालच्याची गरज उरत नाही, आणि खालच्याच्या हातात घासाघीस करायला काहीच राहत नाही.

हे वाचलं तेव्हा मी स्वतः एका कालव्याच्या नूतनीकरणाचं काम पूर्ण करून बसलो होतो. काम उत्तम झालं होतं. चार वर्षांनी पुन्हा गेलो तर टोकाकडच्या तीन चाऱ्यांवर, म्हणजे शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या लहान पाटांवर, गवत उगवलं होतं आणि वरच्या भागात उसासारखं पाणी पिणारं पीक दुपटीने वाढलं होतं. कालव्याची दारं चोरीला गेली नव्हती, अस्तर फुटलं नव्हतं. पाणी मिळवण्यासाठी लोकांनी एकमेकांशी जो करार पिढ्यानपिढ्या सांभाळला होता, तो माझ्या काँक्रीटने अनावश्यक करून टाकला होता. ही खंत अजून जात नाही. म्हणून कुठलंही पक्कं काम मंजूर करण्याआधी मी विचारतो: या कामामुळे कुणाला कुणाची गरज उरणार नाही? उत्तर सापडलं की पाळीपत्रकात (कुणाला कधी पाणी मिळेल याच्या वेळापत्रकात), मतांच्या वाटपात किंवा पाणीपट्टीत टोकाच्या माणसाचं वजन दुसऱ्या कुठल्या मार्गाने परत आणता येईल ते बघतो. काम नाकारावं असं क्वचितच वाटलं, पण बांधण्याआधी ही बोलणी व्हायला हवीत, आणि नियम पाणी सुटण्याआधी लिहून झाले पाहिजेत.

आता हिशोब म्हणजे काय ते. विकसनशील देशांतल्या बहुतेक खोऱ्यांत प्रवाहमापनाची केंद्रं कागदावर असतात. नदीची पातळी दाखवणारी पट्टी गाळात गाडली गेलेली असते, निरीक्षकाला पगार महिनोन्महिने मिळालेला नसतो, आणि त्यामुळे नोंदवही घरी बसून भरली जाते. तुमच्या अंदाजपत्रकात उपग्रह प्रतिमा आणि संगणकीय प्रतिमानासाठी मोठी रक्कम असेल. त्यातला एक हिस्सा निरीक्षकांच्या पगाराकडे आणि नदीपात्राची दरवर्षी नव्याने मोजणी करण्याकडे वळवा. पुरानंतर पात्र बदलतं. त्याच पातळीला वेगळं पाणी वाहतं, आणि जुना पातळी-प्रवाह आलेख वापरला तर सगळी आकडेमोड चुकते. प्रतिमान कितीही देखणं असलं तरी हाताखाली खरी मोजमापं नसतील तर पहिल्या वादात ते टिकत नाही.

मोजलेलं लोकांसमोर लिहिलं गेलं पाहिजे. आंध्र प्रदेशातल्या सात दुष्काळी जिल्ह्यांत २००० नंतरच्या दशकात शेतकऱ्यांनीच निरीक्षण विहिरींची पातळी आणि पाऊस मोजायला सुरुवात केली. रब्बीच्या तोंडावर गाव बसायचं, भूगर्भात किती पाणी आहे आणि ठरवलेल्या पिकांना किती लागेल याचा ताळेबंद मांडायचं. कुणावर बंदी नव्हती, दंड नव्हता. तरी अनेक गावांनी पाणीखाऊ पिकांखालचं क्षेत्र कमी केलं, कारण आकडा त्यांनी स्वतः मोजला होता. सगळीकडे हे जमेल असं मी म्हणत नाही. खूप खोल, मोठ्या पसरलेल्या जलधरात (भूजल साठवणाऱ्या खडकाच्या थरात) एका गावाने वाचवलेलं पाणी शेजारचं गाव उपसतं, आणि मग मापनापलीकडे नियमन लागतं. पण नियमन करायचं असेल तरी लोकांनी मान्य केलेला आकडाच आधी लागतो.

इथे एक तांत्रिक गोष्ट, जी आपल्यासारख्या अभियंत्यांकडून हमखास निसटते. पाणी उचलणं वेगळं आणि पाणी खपणं, म्हणजे वाफ होऊन कायमचं जाणं, वेगळं. कालव्यातून झिरपणारं पाणी वाया जातं असं आपण शिकलो, पण ते खालच्या विहिरींत जाऊन बसतं, आणि त्यावर कुणाचं तरी शेत उभं असतं. ठिबक सिंचनाचंही तेच. मोरोक्कोने २००८ पासून हरित योजनेखाली ठिबकला ८० ते १०० टक्के अनुदान दिलं. एका एकराला कमी पाणी लागू लागलं, उत्पन्नही वाढलं. पण वाचलेल्या पाण्यावर शेतकऱ्यांनी आणखी जमीन भिजवली, जास्त पाण्याची पिकं घेतली, आणि अनेक ठिकाणी भूजलाची घसरण थांबली नाही. जमिनीत परत मुरणारं पाणीही कमी झालं होतं. शेतकऱ्याचं यात काही चुकलं नाही, कुणीही तेच करेल. चूक कार्यक्रमाची, कारण ठिबक दिलं आणि एकूण उपशाची मर्यादा ठरवली नाही. तुमच्या आराखड्यात "कार्यक्षमता वाढून इतकं पाणी वाचेल" असं वाक्य असेल, तर ते वाचलेलं पाणी कुठल्या नदीत, कुठल्या महिन्यात दिसेल हे लिहायला लावा. ते लिहिता येत नसेल तर तो आकडा काढून टाका.

पाण्याच्या गुणवत्तेवर मी एकच गोष्ट सांगतो, पण ती विसरू नका. बांगलादेशात १९७० च्या दशकापासून नलिका विहिरींचा मोठा प्रसार झाला. हेतू चांगला होता: तळ्यांच्या घाण पाण्यातून होणारे अतिसाराचे मृत्यू थांबवणं. जंतूंची काळजी घेतली गेली, आर्सेनिक कुणी तपासलं नाही. १९९३ मध्ये ते सापडलं. पुढे सुमारे ५० लाख विहिरी तपासल्या, त्यातल्या साधारण १४ लाख विहिरींची तोंडं लाल रंगवावी लागली, म्हणजे हे पाणी पिऊ नका. देशाची मर्यादा लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम होती, जागतिक आरोग्य संघटनेची १०. नव्या स्रोताचं पाणी देण्याआधी आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट आणि क्षार तपासणं हा खर्च नको म्हणणाऱ्या कुठल्याही वरिष्ठाचं ऐकू नका.

नुकसान कुणाचं होणार, हा प्रश्न खोऱ्याच्या पातळीवर आणखी मोठा होतो. सेनेगल नदीवर माली, मॉरिटानिया आणि सेनेगल या तीन देशांनी १९७२ मध्ये संयुक्त संस्था स्थापन केली. धरणं तिघांच्या सामाईक मालकीची, खर्च आणि लाभ ठरलेल्या सूत्राने वाटलेले. देशादेशांत पाण्यावरून ताण असलेल्या जगात हे मोठं यश आहे, आणि सामाईक मालकीची ही कल्पना जरूर अभ्यासा. पण मुखाजवळचं दियामा धरण १९८६ मध्ये पूर्ण झालं, खारं पाणी आत येणं थांबलं, गोडं पाणी वर्षभर साचून राहू लागलं, आणि त्यात बिल्हार्झिया या रोगाचा परजीवी वाहणाऱ्या गोगलगाई वाढल्या. दोनच वर्षांत रिचर्ड टोल या गावात आतड्याच्या बिल्हार्झियाचे रुग्ण दिसू लागले आणि साथ पसरली. या गोगलगाई खाणाऱ्या नदीतल्या कोळंबीची समुद्राकडे ये-जा धरणाने अडवली होती. वरच्या मनांताली धरणामुळे पुराचं पाणी ओसरल्यावर काठावर पिकं घेणाऱ्यांचा पूरही बदलला. देशांचा हिशोब जुळला, काठावरच्या माणसांचा जुळला नाही. तुमच्या चमूत आरोग्य आणि मासेमारी समजणारी माणसं पहिल्या दिवसापासून हवीत. पर्यावरण अहवालापुरती बोलावलेली पुरत नाहीत.

शहराचा पाणीपुरवठा तुमच्या कार्यक्षेत्रात असेल तर कंबोडियाची राजधानी नॉम पेन्हचा इतिहास मुळातून बघा. १९९३ मध्ये एक सोन चान ('एक' हा त्यांच्या नावाचाच भाग) यांनी तिथल्या पाणीपुरवठा संस्थेचा कारभार घेतला, तेव्हा यादवी युद्धाने शहर मोडलेलं होतं. शुद्ध केलेल्या पाण्यापैकी ७० टक्क्यांहून अधिक पाणी बेहिशोबी जात होतं, गळतीत आणि चोरीत. दिवसाला दहाएक तास पाणी यायचं. त्यांनी सुरुवात केली ती ग्राहकांच्या यादीपासून. माणसं घरोघरी पाठवली, कोण ग्राहक आहे आणि कुणाचं नळजोड नोंदलेलंच नाही हे शोधलं, मीटर बसवले. बड्या लष्करी अधिकाऱ्यांची घरंही त्यातून सुटली नाहीत. बेकायदा जोड देणाऱ्या कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली, चांगलं काम करणाऱ्यांचा पगार वाढला. गळती शोधणारी पथकं रात्रंदिवस फिरू लागली. सेवा सुधारत गेली तसा दर टप्प्याटप्प्याने वाढवला, १९९७ आणि २००१ मध्ये. ठरलेल्या तिसऱ्या वाढीची गरजच पडली नाही, कारण वसुली आणि वाचलेलं पाणी यांतूनच खर्च भागू लागला. गरीब घरांना जोडणीच्या शुल्कात ३० ते १०० टक्के सवलत मिळाली. पुढच्या दशकाच्या आत चोवीस तास पाणी आलं आणि बेहिशोबी पाणी शेवटी ६ टक्क्यांच्या आसपास उतरलं.

यात जपान, फ्रान्स आणि बँकांचा पैसा होता, आणि पंतप्रधानांचा पाठिंबाही होता. तोही महत्त्वाचा. पण क्रम लक्षात घ्या: यादी, मीटर, शिस्त, सेवा, मग दर. बोलिव्हियातल्या कोचाबांबात हा क्रम उलटा झाला. १९९९ मध्ये ४० वर्षांचा खासगी करार झाला, सेवा सुधारण्याआधीच बिलं वाढली, आणि वस्त्यांनी स्वतःच्या पैशाने खोदलेल्या विहिरीही आता त्या कराराखाली जातील अशी भीती पसरली. एप्रिल २००० मध्ये लोक रस्त्यावर असताना करार रद्द झाला. माझ्या मते दरवाढीपेक्षा विहिरींची भीती जास्त खोल गेली. माणसं पैसे द्यायला तयार होतात. आपण उभं केलेलं कुणी काढून घेतंय असं वाटलं की बोलणं संपतं.

कायदे आणि संस्थांबद्दल: घाई करू नका. दक्षिण आफ्रिकेचा १९९८ चा जल कायदा जगातल्या उत्तम कायद्यांत गणला जातो. माणसांच्या मूलभूत गरजेचं आणि नदीच्या स्वतःच्या जगण्याचं पाणी आधी राखून ठेवायचं, वाटप त्यानंतर, हे त्यात आहे. पण खोऱ्यांच्या ज्या व्यवस्थापन संस्था त्याने कल्पिल्या, त्यांच्यापैकी दोन दशकांनंतरही दोनच खऱ्या अर्थाने चालत होत्या. आंध्र प्रदेशात १९९७ मध्ये दहा हजारांहून अधिक पाणी वापर संस्था जवळपास एकाच झटक्यात निवडून आल्या. कामांचा निधी होता तोवर त्या जिवंत होत्या, पुढे अनेक निपचित पडल्या. फिलिपाइन्सने १९७६ पासून वेगळा मार्ग धरला. बांधकामाच्या कित्येक महिने आधी गावात राहणारे संघटक पाठवले, कालव्याची रेषा शेतकऱ्यांबरोबर चालून ठरवली. तो मार्ग हळू आहे, महागही वाटतो. मी तोच निवडेन, आणि खोऱ्यातल्या दोन-तीन उपखोऱ्यांपुरताच आधी.

राहिला अठरा महिन्यांचा दबाव. कर्ज देणारे लोक वाईट नसतात. त्यांनाही वर उत्तर द्यायचं असतं. त्यांना दाखवण्यासारखं काहीतरी पहिल्या हंगामातच हातात असू द्या: मोडकी दारं, तुंबलेल्या वितरिका, मोठ्या गळत्या. या दुरुस्त्या स्वस्त असतात आणि लोकांना लगेच कळतात. त्याच वेळी निकालांची मोजपट्टी बदलून घ्या, तेही करारानंतरच्या पहिल्या आढाव्यातच, मध्यावधीपर्यंत थांबू नका. "किती समित्या स्थापन झाल्या", "किती लोकांना प्रशिक्षण दिलं" हे काढा. त्याजागी आवर्तनात टोकाच्या चारीला किती दिवस पाणी पोहोचलं, बंद पडलेला पंप किती दिवसांत चालू झाला, किती मापन केंद्रांची नोंद सलग आहे, असे आकडे घाला. कार्यक्रमाच्या तिसऱ्या वर्षापासून देखभालीचा खर्च सरकारच्या नियमित अंदाजपत्रकात दरवर्षी थोडा थोडा सरकवला जाईल, अशी अट अर्थ मंत्रालयाकडून लेखी घ्या. जल मंत्रालयाचं आश्वासन पुरत नाही, पैसे त्यांच्याकडे नसतात.

वेगळं प्रकल्प कार्यालय उघडून खात्यातली हुशार माणसं तिप्पट पगारावर खेचू नका. मी हे केलं आहे. पाच वर्षं माझं काम झपाट्याने झालं, खातं मात्र रिकामं झालं, आणि नंतर ती माणसं दुसऱ्या प्रकल्पात गेली. तुमचा उपप्रमुख खात्याच्या पगारपत्रकावरचाच असू द्या, आणि चौथ्या वर्षी सगळे निर्णय त्याच्या सहीने होऊ द्या.

राजधानीतल्या भेटीगाठी आटपल्या की पहिल्याच महिन्यात कालव्याच्या शेवटच्या चारीवर आणि पाणीपुरवठ्याच्या शेवटच्या नळावर जा. अधिकाऱ्यांचा ताफा नको, दुभाषा तेवढा सोबत घ्या. बायकांशी वेगळं बसून बोला. पाणी नेमकं कुठल्या तासाला येतं हे त्यांना पाठ असतं, कारण भरतात त्याच. शेवटचं पाणी कधी आलं, दाराची किंवा व्हॉल्व्हची चावी कुणाकडे असते, मागच्या वेळी बिघडलं तेव्हा पैसे कुणी दिले, एवढं विचारा. उत्तरं तारखेसह वहीत लिहून ठेवा. दरवर्षी त्याच महिन्यात त्याच जागी जाऊन हेच पुन्हा विचारायचं आहे.